चौसष्ट कट्टे

दोन्ही पाकिटं एकदम फोडायची असं ठरलं होतं, पण ऐन वेळी कचेरीत कात्री एकच निघाली.

"मग आधी कुणाचं?" थोरल्यानं विचारलं.

"मोठ्यांचं," आत्या म्हणाल्या. "म्हणजे वयानं बघितलं तर माझंच. पण मी मेलीनं मोजलंय काय! दे इकडे."

धाकटी सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. खुर्च्या होत्या, पण बसली असती तर पाय हलताना दिसले असते. घराच्या तळमजल्यावरची ही कचेरी तिला तोंडपाठ झाली होती. भिंतीवर ठोकलेले प्लंबिंगच्या पाइपांचे तुकडे आणि त्यांत गुंडाळून खोचलेले नकाशे, आत्यांचं बिलांचं कपाट, हजेरीपटांची चळत, आणि खिडकीपाशी ते लांबलचक टेबल. तिच्या सासऱ्यांचं, अण्णांचं टेबल. चाळीस वर्षं एकाच जागी कोपर टेकून टेकून त्याच्या उजव्या बाजूचं पॉलिश उडालं होतं आणि लाकूड तळहातासारखं मऊ झालं होतं. दोन वर्षांपूर्वी ती सून होऊन या घरात आली, त्या दिवसापासून तिचा त्या टेबलावर डोळा होता. एखादीचा सासूच्या दागिन्यांवर असतो तसा.

लग्नाआधी चार वर्षं तिनं हेच काम केलं होतं. इमारत उभी राहण्याआधी तिला किती सिमेंट, किती सळया, किती विटा आणि किती पैसे लागतील ते काढून द्यायचं. अंदाजपत्रकाचं काम. घरच्याच बांधकामाच्या धंद्यात आलो म्हणजे हात आणखी मोकळे होतील, असं तिला वाटलं होतं. हातात आला मजुरांचा हजेरीपट. अंदाजपत्रक काढायचं ते अण्णांनी, पेन्सिलनं, त्या टेबलावर.

मग सहा आठवड्यांपूर्वी, रात्रीच्या जेवणाला, तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "अण्णा, तुम्हाला तीन आठवडे लागतात ते कॉम्प्युटरवर मी तीन दिवसांत करून दाखवते."

थोरल्या दिराचा घास हातातच राहिला होता. नवऱ्यानं, म्हणजे धाकट्यानं, टेबलाखालून तिच्या पायावर पाय दिला होता. अण्णांनी मात्र जेवण सावकाश संपवलं, हात धुतले, नॅपकिनला बोटन् बोट पुसलं आणि अट घातली. गावाबाहेर नवा दवाखाना बांधायचा होता, तीन मजली. निविदा एकरकमी होती. नकाशे दवाखान्यावाल्यांचे, मोजमाप ठेकेदाराचं, आणि चुकलं तर भोगायचं ठेकेदारानंच. त्या दवाखान्याचं अंदाजपत्रक दोघांनी वेगवेगळं काढायचं. एकमेकांच्या कागदात डोकवायचं नाही. दोन्ही आकडे अर्ध्या टक्क्याच्या आत जुळले, तर खिडकीपाशचं टेबल आणि यापुढची सगळी अंदाजपत्रकं सूनबाईंची. नाही जुळले, तर ते यंत्र माळ्यावर आणि सूनबाई हजेरीपटावर.

"आणि परत हा विषय या घरात निघायचा नाही," असं म्हणून अण्णा झोपायला गेले होते.

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले. थोरला तिच्या बाजूला. प्रेमानं नव्हे, त्याला महिन्याला एकाऐवजी चार निविदा भरायच्या होत्या. धाकटा बापाच्या बाजूला. "अण्णांचा आकडा आजवर चुकलेला नाही," एवढंच तो म्हणाला आणि तेव्हापासून नवराबायकोत गॅस, भाजी आणि वीजबिल याखेरीज बोलणं राहिलं नव्हतं. आत्या पंच. त्या अण्णांच्या थोरल्या बहीण, शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेल्या, आणि धंद्यात निम्म्या भागीदार. त्यांच्यापुढे कुणी आवाज चढवत नसे.

आता घड्याळात बारा वाजून पस्तीस मिनिटं झाली होती. चार वाजता दवाखान्याच्या कार्यालयात निविदांची पेटी बंद होणार होती.

आत्यांनी अण्णांचं पाकीट कापलं. आतून रेघांचा कागद निघाला. त्यांनी चष्मा नाकावर सरकवला.

"चार कोटी बारा लाख चाळीस हजार."

अण्णा खिडकीबाहेर बघत होते. जणू कुणा दुसऱ्याच घराबद्दल बोलणं चाललंय.

दुसरं पाकीट. धाकटीच्या कानात नुसता आवाज भरून राहिला. कात्रीचा की रक्ताचा, कळेना.

"चार कोटी," आत्या म्हणाल्या आणि थांबल्या. त्यांना थांबायची हौस होती, शाळेत निकाल वाचताना लागलेली. "तेरा लाख. दहा हजार."

मग आत्यांचे ओठ हलले. "अर्धा टक्का म्हणजे दोन लाख सहा हजार. फरक..." त्यांनी कागद खाली ठेवला. "सत्तर हजार! अरे, सत्तर हजार फक्त! चार कोटींत!"

"जुळलं!" थोरल्यानं टेबलावर अशी थाप मारली की पेन्सिली उडाल्या. "मी म्हणत नव्हतो? म्हणत होतो की नाही मी?"

"तू रोज उठून काहीतरी म्हणत असतोस," आत्या म्हणाल्या, पण त्याही हसत होत्या. धाकटा उठून उभा राहिला, परत बसला, परत उठला. बायकोकडे बघून त्याला हसायचं होतं, पण सहा आठवड्यांत सवय मोडली होती. ते हसू ओठाच्या एकाच कोपऱ्यात अडकलं.

अण्णा वळले. ते काय म्हणतात इकडे सगळ्यांचे कान. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. चपटी, सुताराची, अर्ध्यावर आलेली. ती पुढे येऊन धाकटीच्या हातात ठेवली.

"पोरी, बैस," ते म्हणाले आणि खिडकीपाशची खुर्ची स्वतः मागे ओढली.

एरवी ते तिला 'सूनबाई' म्हणत. 'पोरी' त्यांच्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकलं. ती बसली. उजवं कोपर आपसूक त्या गुळगुळीत जागेवर टेकलं आणि तिला उगीचच रडू येईल असं वाटलं.

"निविदेला तुझंच लाव," अण्णा म्हणाले. "छापलेलं बरं दिसतं. माझं अक्षर वाचायला त्यांना डॉक्टर लागेल."

"दवाखानाच आहे की तो," आत्या म्हणाल्या. आणि घर कितीतरी दिवसांनी एकदम हसलं.

अण्णा वर हातपाय धुवायला गेले, आत्या चहा टाकायला. थोरला पानं छापायला प्रिंटरपाशी बसला. धाकट्याला गाडीत पेट्रोल भरायला पिटाळलं. आणि धाकटी नव्या टेबलावर बसून, निव्वळ सुखापोटी, एक खेळ खेळायला लागली. ते सत्तर हजार कुठे लपलेत ते शोधायचं.

डावीकडे अण्णांची मापवही. लांबी, रुंदी, उंची, नग, अशा चार उभ्या रेघा आणि त्यांत मुंग्यांसारखे आकडे. प्रत्येक ओळीपुढे लाल पेन्सिलची टिक. अण्णा नकाशावर पट्टी ठेवत, माप पुटपुटत, लिहीत, आणि मग वहीत नि नकाशावर टिक मारत. दारं, खिडक्या, पायऱ्या, एकेक. उजवीकडे तिचा पडदा. आर्किटेक्टनं पाठवलेली आख्खी इमारत त्यावर उभी होती, गोल फिरवावी तशी फिरत होती. भिंतीवर बोट ठेवलं की भिंत आपलं घनफळ सांगायची.

खोदाई. अण्णांची चार हजारांनी जास्त. सळया. तिच्या सहा हजारांनी जास्त. वीटकाम जवळजवळ सारखं. गिलाव्याला अण्णांनी लहान खिडक्यांची वजावट केली नव्हती, तिच्या यंत्रानं पै-पै वजा केली होती. इकडे थोडं, तिकडे थोडं, आणि बेरजेत सगळं फिटत होतं. म्हातारा आणि यंत्र, दोघं एकाच शाळेत शिकल्यासारखे. तिला इतकी मजा वाटायला लागली की ती गुणगुणायलाच लागली.

मग गुणगुणणं थांबलं.

तिच्या यादीत एक बाब होती. 'बसण्याचा कट्टा, वीटकाम, वर दगडी लादी, लांबी दोन मीटर. नग चौसष्ट.' बाहेरच्या रुग्णांनी नंबर येईपर्यंत बसायचे कट्टे. तिन्ही मजल्यांवर, भिंतीलगत ओळीनं. किंमत आठ लाख शहाण्णव हजार.

अण्णांच्या वहीत कट्टा नव्हता.

तिनं वही पुढून मागे चाळली, मागून पुढे चाळली. नव्हता. एकही नव्हता.

पण मग बेरीज जुळली कशी? अण्णांचे नऊ लाख सुटलेत, तरी आकडा सारखा? म्हणजे आपलंही काहीतरी सुटलंय. तेवढंच.

ते सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. वहीचं एक्केचाळिसावं पान. 'मागील बाजूचा भराव.' खाली, 'आधारभिंत, दगडी, मागील बाजू.' दोन्ही मिळून सव्वाआठ लाखांच्या वर. तिनं पडद्यावरची इमारत फिरवून तिची पाठ बघितली. आर्किटेक्टनं जमीन काढली होती ती ताटासारखी सपाट. भराव कसला नि भिंत कसली! यंत्राला सांगितलं नाही ते यंत्रानं मोजलं नव्हतं.

दोघंही चुकले होते. दोघंही कमी धरून बसले होते, जवळजवळ सारखंच कमी. आणि त्यालाच सगळं घर 'जुळलं' म्हणून नाचत होतं.

"काय गं, झोप लागली का खुर्चीत?" प्रिंटरपाशी बसलेल्या थोरल्यानं हाक मारली.

"दादा, जरा इकडे या."

त्यानं वाकून दोन्हीकडचे आकडे बघितले. त्याला समजायला वेळ लागला नाही. माणूस घाईचा होता, मठ्ठ नव्हता. त्यानं आधी दाराकडे बघितलं.

"कुणाला सांगितलंस?"

"आत्ताच तर दिसलं."

"मग ऐक. झाकली मूठ सव्वा लाखाची. आकडा काय वाढवायचा तो हळूच वाढवू. तुझ्या कागदात भराव घाल, भिंत घाल, छापून टाक. अण्णा कुठे शेवटचं पान वाचणारेत! टेबल मिळालंय ना? बस्स. सहा आठवडे मी तुझ्यासाठी भांडलोय."

"पण मग जुळलं नव्हतं, दादा."

"आकडे जुळले होते!"

"चुका जुळल्या होत्या."

थोरल्यानं कपाळाला हात लावला. "तुला हजेरीपट इतका आवडतो का गं?"

कोपराखालचं लाकूड अजून गार होतं, मऊ होतं. जेमतेम वीस मिनिटं बसली असेल ती इथे. हळूच बदलायचं ठरवलं तर सोपं होतं. बटण दाबलं की पान बदलतं, खाडाखोडीची खूणही उरत नाही. अण्णांच्या वहीत चूक सुधारली की तिथे रबरानं खरवडलेला डाग राहायचा. पण मग पुढच्या निविदेला अण्णा म्हणणार, 'दोन्ही सारखे येतात, आता ताडून कशाला बघायचं?' आणि दोन्ही चुका आपापल्या जागी तशाच बसून राहणार. तिची सपाट जमीन. आणि अण्णांचे ते... पण अण्णा कट्टे विसरले कसे? खिडकीच्या कडीपर्यंत मोजणारा माणूस!

जिन्यावर पावलं वाजली. अण्णा टॉवेलनं मान पुसत खाली येत होते, मागून आत्या कपबशा घेऊन. बाहेर धाकट्याची गाडी थांबली.

ती खुर्चीतून उठली. नुसती उठली नाही, खुर्चीच्या मागे जाऊन उभी राहिली.

"अण्णा, माझं चुकलंय."

"काय चुकलं?"

"मागचा भराव आणि आधारभिंत. मी धरलेलीच नाहीये. मॉडेलमध्ये जमीन सपाट होती, मी ती तशीच घेतली."

अण्णांच्या भुवया वर गेल्या. "जागेवर गेली होतीस?"

"नाही."

"तुझं यंत्र गेलं होतं?"

थोरला खोकला. धाकटा दारात किल्ली हातात धरून उभा राहिला.

"मागच्या बाजूला उतरलो ना मी," अण्णा म्हणाले, "तर जोत्याच्या उंचीची खुंटी माझ्या छातीला लागली. एवढा खड्डा आहे तिथं. आर्किटेक्टसाहेब गाडीतून उतरले नसतील. बूट नवे होते त्यांचे." मग त्यांचा हात टॉवेलातच थांबला. चाळीस वर्षांचा हिशेबी माणूस. तिनं सांगण्याआधीच ते तिथे पोचले. "पण मग तुझा आकडा माझ्याहून आठ लाखांनी कमी यायला हवा. तो तर सत्तर हजारांनी जास्त आहे."

"हो."

"म्हणजे माझंही काहीतरी..."

"कट्टे," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्याहून लहान निघाला. "बसायचे कट्टे, अण्णा. चौसष्ट आहेत. तुमच्या वहीत एकही नाहीये."

अण्णा टेबलापाशी आले. टेबलावर नकाशा पसरला. बोट फिरवत गेले. तळमजला, पहिला, दुसरा. भिंतीलगतच्या त्या लहान लहान चौकटी. प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक खिडकीवर त्यांची लाल टिक होती. चौकटींवर नव्हती. बोट थांबलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. धाकटीनं त्यांना रागावलेलं बघितलं होतं, आजारी बघितलं होतं, पण असं कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात आत्या हसायला लागल्या. कपबशा खाली ठेवाव्या लागल्या त्यांना, इतक्या.

"हसतेस काय?" अण्णा खेकसले.

"अरे, हसू नको तर काय करू! आपल्या घरात कट्टा कधी कुणी मोजलाय का?"

अण्णांचा चेहरा हळूहळू सुटत गेला, गाठ सुटावी तसा.

"हिला माहीत नाही," आत्या धाकटीकडे वळल्या. "आमचे वडील, आबा, गवंडी होते. पहिलं घर स्वतःच्या ठेक्यानं बांधायला घेतलं तेव्हा मालकाची म्हातारी आई रोज यायची बघायला, आणि दिवसभर उभी राहायची. बसणार कुठे, सगळीकडे रेती नि खडी. आबांनी उरलेल्या विटांचा तिला दारापाशी कट्टा बांधून दिला. पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून आपण बांधलेल्या प्रत्येक इमारतीच्या दारापाशी एक कट्टा असतो. बिलात नसतो, वहीत नसतो, नकाशात नसतो. मुकादमाला सांगावंसुद्धा लागत नाही. याच्या हाताला लहानपणापासून तेच वळण. कट्टा दिसला की पेन्सिल आपोआप पुढे सरकणार!"

"चौसष्ट वेळा," अण्णा म्हणाले. "चौसष्ट वेळा पुढे सरकली. बसल्या जागी नऊ लाख फुकट वाटून आलो मी."

आता मात्र थोरल्यालाही हसू आवरेना. "आबा असते तर म्हणाले असते, नातू तरी शहाणे निघू देत!"

"आबा असते तर तुला म्हणाले असते, उठ आणि प्रिंटर बंद कर," अण्णा म्हणाले. "किती वाजले?"

"एक वाजून दहा," दारातून धाकटा म्हणाला. "जायला चाळीस मिनिटं. अण्णा, तीनला निघालंच पाहिजे." मग तो आत आला, किल्ली खिशात टाकली आणि बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला, बापाच्या नव्हे. "मी काय करू ते सांग," तो तिला म्हणाला. गॅस, भाजी आणि वीजबिल सोडून बोललेलं सहा आठवड्यांतलं हे पहिलंच वाक्य.

"प्रत्येक बाब पुन्हा ताडायची," ती म्हणाली. "एकशे सतरा आहेत. अण्णा वहीतून वाचतील, मी पडद्यावर बघेन. फरक आला तर तू नकाशावर बोट ठेवायचं."

"आणि मी?" थोरल्यानं विचारलं.

"तुम्ही एकेक पान छापत सुटायचं, दादा. आवडतं ना तुम्हाला भराभर!"

मग जे दीड तास चाललं, त्याला कुणी भांडण म्हटलं असतं, कुणी लग्नघर. अण्णा खुर्चीवर, धाकटी शेजारी स्टुलावर, आणि मधे वही नि पडदा असे खेटून, जणू एकाच पाळण्यात घातलेली दोन पोरं.

"जिन्याच्या पायऱ्या, बेचाळीस."

"चव्वेचाळीस."

"बेचाळीस! मी मोजल्यात."

"यंत्रानंही मोजल्यात, अण्णा."

"दोघं गप्प बसा," नकाशावर ओणवा झालेला धाकटा म्हणाला. "चव्वेचाळीस. गच्चीच्या दोन वेगळ्या काढल्यात."

"यंत्राला एक," आत्यांनी कपाटावरची जुनी पाटी घेऊन रेघ ओढली.

"पाण्याच्या टाकीखालचे खांब, चार."

"माझ्याकडे टाकीच आहे, खांब नाहीत."

"मग ती टाकी काय अधांतरी तरंगते?"

"अण्णांना एक!"

बाब बहात्तरला सळयांच्या दरात घोळ निघाला. दोघांनीही गेल्या महिन्याचा दर धरला होता. अण्णांनी कपाळ धरलं. "झालं! आता पाया, खांब, तुळया, स्लॅब, सगळं पुन्हा गुणायला हवं. दोन दिवसांचं काम आहे हे."

धाकटीनं एका चौकटीत नवा दर टाकला आणि बोट उचललं. पडद्यावर वरपासून खालपर्यंत आकडे सळसळले, वारा शेतावरून जावा तसे, आणि थांबले.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"गुणून झालं."

"सगळं?"

"सगळं."

अण्णा पडद्याच्या इतके जवळ गेले की नाकाची वाफ काचेवर धरली. "परत कर."

"काय परत?"

"जुना दर टाक. मग परत नवा. मला बघायचंय."

"अण्णा, वेळ..." प्रिंटरपाशून थोरला म्हणाला.

"तू गप रे! टाक पोरी."

तिनं टाकला. आकडे सळसळले. नवा टाकला. परत सळसळले. अण्णा लहान मुलासारखे मांडीवर थाप मारून हसले. "अरे, चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी दर वाढला की रात्रीची झोप सोडत होतो!" मग डोळे बारीक करून त्यांनी त्या इमारतीकडे बोट केलं. "हुशार आहे लेकाचा. पण आंधळा आहे. दिसत नाही त्याला काही, नुसतं पाठ येतं."

"आणि तुम्हाला दिसतं सगळं," आत्या म्हणाल्या, "पण कट्टे सोडून."

पावणेतीनला शेवटची बाब झाली. चार कोटी एकवीस लाखांच्या वर. थोरल्यानं आकडा बघून ओठ चावले. "आता काम मिळेल की नाही देव जाणे. पाटी किती झाली, आत्या?"

"यंत्र पाच, अण्णा पाच."

"आणि अट?" थोरल्यानं विचारलं. मस्करीतच विचारलं, पण आत्यांनी पाटी खाली ठेवली. धाकटीनं हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. अजून तिच्याकडेच होती ती.

"अट म्हणजे अट," अण्णा म्हणाले. "अर्ध्या टक्क्याच्या आत जुळायला हवं होतं. नाही जुळलं."

"अण्णा!" धाकटा म्हणाला.

"असू दे," ती म्हणाली. "मीच तर सांगितलं, नाही जुळलं म्हणून." तिनं हजेरीपटांच्या चळतीकडे बघितलं. वाटलं होतं तितकं दुखलं नाही, पण दुखलं.

"टेबल माझंच राहणार," अण्णा पुढे म्हणाले. त्यांनी छापलेल्या गठ्ठ्यातलं शेवटचं पान ओढलं. खाली दोन रेघा होत्या. 'अंदाजपत्रक तयार करणार' आणि 'तपासणार.' चाळीस वर्षं दोन्ही रेघांवर त्यांचीच सही. त्यांनी पेन उघडलं, पहिली रेघ ओलांडली आणि दुसरीवर सही केली. मग पेन तिच्यासमोर धरलं. "सही तुझी. तपासायला कुणीतरी म्हातारा लागतोच. आणि उद्यापासून आधी जागेवर जायचं, मग यंत्रावर. जुने बूट आहेत का?"

"नाहीत."

"घे जुने."

तिनं घाईनं सही केली, आडनावाचं शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलं.

"तीन वाजले!" धाकटा किल्ली खुळखुळवत बाहेर पळाला. थोरल्यानं गठ्ठा उचलला.

"थांब," अण्णा म्हणाले. "एक बाब राहिली."

"अण्णा, आता काय!"

"लिही पोरी. बाब एकशे अठरा. दारापाशी कट्टा. नग एक."

"पण तो तर आपण कधी..."

"कधी लिहिला नाही, म्हणून तर हा घोटाळा झाला. आता लिहायचा. चौसष्ट त्यांचे, एक आपला. दर शून्य."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजायला लागला. एकदा, दोनदा. तिनं उभ्यानंच टाइप केलं. नग, एक. दर, शून्य. यंत्रानं लगेच पिवळी चौकट दाखवली आणि विचारलं, 'या बाबीचा दर भरलेला नाही. तरी पुढे जायचे?'

"काय म्हणतोय आंधळा?" अण्णांनी विचारलं.

"म्हणतोय, दर भरलेला नाही."

"भरलाय म्हणावं," अण्णा म्हणाले. "आबांनी. केव्हाच."

तिनं 'होय' दाबलं. आकडे वरपासून खालपर्यंत सळसळले आणि बेरीज तसूभरही हलली नाही. त्या बाबीचं पान प्रिंटरमधून निम्मं बाहेर आलं असतानाच तिनं ते खेचून घेतलं आणि हॉर्नच्या दिशेनं धावली.